स्कोपमध्ये (मान्यता मिळालेल्या चाचण्यांच्या यादीत) नसलेल्या चाचणीवर एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या मंडळाचा, लोगो

प्रति,
मालक व क्वालिटी मॅनेजर,

कालचा माझा चौथा फोन. आता जे काय ते कागदावरच.

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीनं एसजी आयर्न ५००/७ या ओतीव लोखंडाच्या एका हीटचे (एका वेळी वितळवलेल्या धातूचे) टेस्ट बार तुमच्याकडे दिले होते, टेन्साइल (ताण सोसण्याची ताकद) आणि हार्डनेस (कठीणपणा) तपासायला. देतानाच विचारलं होतं, दोन्ही एनएबीएलमध्ये बसतात ना? "होय की, सगळंच बसतंय." रिपोर्टही झोकात आला. वर लोगो, खाली सही-शिक्का. पुण्याच्या पार्टीनं एनएबीएलच्या वेबसाइटवर तुमचा स्कोप उघडला. टेन्साइल आहे, ब्रिनेल हार्डनेस (बॉल दाबून मोजतात तो) नाही. माल न उतरवता टेम्पो परत, जाण्यायेण्याचं भाडं आमच्या बोडक्यावर.

मान्यता लॅबला सरसकट मिळत नाही, स्कोपमधल्या चाचण्यांनाच मिळते, हे आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या मानकाचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावणाऱ्यांना मी सांगायचं? स्कोपबाहेरची चाचणी असेल तर रिपोर्टात तसं स्पष्ट लिहावं लागतं. तुम्ही नुसतं 'हार्डनेस १८७' छापलंत. बॉल किती मिलिमीटरचा, लोड किती, पत्ता नाही.

काल तुमचे काउंटरवरचे साहेब म्हणाले, "लोगोचीच अडचण ना? काढून देतो की, दोन मिनिटांत." मी म्हटलं, लोगो काढू नका, स्कोप असलेल्या लॅबमधून हार्डनेस करून द्या. "मग हार्डनेसचं पान वेगळं काढतो, तारीख तीच टाकतो. पार्टीला काय कळतंय?" पार्टीला कळलं म्हणून तर माल परत आला, एवढं बोललो, तर फोन चालू ठेवूनच शेजारच्याला कन्नडमध्ये सांगतात, हा म्हातारा सकाळपासून डोकं खातोय! साहेब, माझा जन्म बेळगावातला. कन्नड मला तुमच्या रिपोर्टपेक्षा बरं कळतं.

पुन्हा सांगतो, मी देतानाच विचारलं होतं.

हार्डनेसची फी आणि टेम्पोचं भाडं परत हवं. तुमची तक्रार निवारणाची लेखी पद्धतही पाठवा; मागेल त्याला ती द्यावी लागते, हे १७०२५ मध्येच आहे. निर्णय त्या चाचणीत हात नसलेल्या माणसानं घ्यायचा असतो, हेही. असा कोणी तुमच्याकडे असेल तर बघा. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर रिपोर्टची प्रत गुरुग्रामला एनएबीएलकडे जाईल. कोल्हापूरला न जाता इतकी वर्षं तुमच्याकडे आलो, त्याचं हे फळ.

आणि तुटलेल्या टेस्ट बारचे तुकडे परत द्या. हीट नंबर पंच केलेला आहे, दुसऱ्याचे देऊ नका.