नाशिकच्या प्रदर्शनांची तारीख आधी कळू द्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : नाशिकमधील संग्रहालये व सभागृहांतील आगामी प्रदर्शने आणि कार्यक्रमांची एकत्रित पत्रिका तीन महिने आधी जाहीर करण्याबाबत.

माननीय महोदय,
स. न. वि. वि.

मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. नवी इमारत, पुतळा किंवा कोटींचा निधी मागायला हे पत्र लिहीत नाही. आमच्या शहरात पुढच्या तीन महिन्यांत कुठलं प्रदर्शन, व्याख्यान किंवा कार्यशाळा कुठे आहे, ते आम्हाला वेळेवर कळावं, एवढीच मागणी आहे. ती लहान वाटेल, पण तिच्यावाचून काय हातचं जातं ते आम्ही शिक्षक दर वर्षी पाहतो.

गेल्या हिवाळ्यात शहरातल्या एका सभागृहात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. मला त्याचा पत्ता लागला तो रविवारी दुपारी, कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलेल्या फोटोवरून. शाळेजवळ राहणाऱ्या काही मुलांना घेऊन मी धावतपळत पोहोचले, तेव्हा काचेच्या पेट्या रिकाम्या व्हायला लागल्या होत्या. मुलांचे चेहरे बघून एका संग्राहकांनी डबीत ठेवलेलं एक नाणं पुन्हा बाहेर काढलं आणि मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं. चांदीचं, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठं. त्यावर नहपान या शक क्षत्रप राजाचा चेहरा होता आणि त्याच्या गालावरच दुसरा छाप ठोकलेला : तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ. हा छाप त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा. हरलेल्या राजाचं नाणं वितळवत बसण्याऐवजी सातवाहनांनी त्यावरच आपली खूण मारली आणि ते पुन्हा बाजारात सोडलं. "बाई, मग दुकानदार कुठल्या राजाचं नाणं म्हणायचा?" एका मुलीने विचारलं. पाठ्यपुस्तकातला धडा मी कितीही रंगवून सांगितला, तरी हा प्रश्न वर्गात कधी आला नव्हता.

हे नाणं नाशिकचं आहे, महोदय. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा मारलेला छाप. या देशाच्या प्राचीन इतिहासातली एक मोठी लढाई कोणी जिंकली, याचा चांदीत उमटलेला हा पुरावा. ती नाणी पुढे ठिकठिकाणच्या संग्रहांत विखुरली. त्या रविवारी चार मुलांनी त्यांतल्यासारखं एक नाणं जवळून पाहिलं आणि वर्गातली बाकीची सगळी मुलं मुकली. कारण एकच, आम्हाला आधी कळलं नाही.

आधी कळण्याला शाळेत फार महत्त्व असतं, हे बाहेरून लक्षात येत नाही. मुलांना शाळेबाहेर न्यायचं तर मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमतिपत्रं, बसची सोय, सोबतीला दुसरे शिक्षक, आणि त्या आठवड्यात घटक चाचणी नको. पंधरा दिवस तरी हातात लागतात. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी आलेली निमंत्रणपत्रिका आमच्या काही कामाची नसते. तिच्यावर पाहुण्यांची नावं ठळक असतात आणि प्रदर्शन किती वाजेपर्यंत उघडं राहणार, हे बहुतेक वेळा छापलेलंच नसतं.

शहरात जागांची वाण नाही. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासूनचं, आणि तिथे पुस्तकांसोबत वस्तुसंग्रहालयही आहे. अंजनेरीच्या पायथ्याशी नाणेशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून काम करते आहे. पांडवलेणीखाली फाळके स्मारक, शालिमारला कालिदास कलामंदिर, गंगापूर रस्त्याकडे कुसुमाग्रज स्मारक, आणि जुन्या नाशकात आपल्याच खात्याच्या संरक्षणाखालचा पेशवेकालीन सरकारवाडा. यातलं काही सरकारचं, काही महापालिकेचं, काही विश्वस्त संस्थांचं. प्रत्येकाला आपापले कार्यक्रम ठाऊक असतात, पण सगळ्यांचं मिळून एक पान कुठेच नाही. ते करण्याचं काम कुठल्याच एका संस्थेचं नाही, म्हणून ते आपल्याकडे मागते आहे.

तारखाही नव्याने शोधायच्या नाहीत. २७ फेब्रुवारी कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. ३० एप्रिल दादासाहेब फाळक्यांची जयंती, आणि ते तर जन्मले इथल्याच त्र्यंबकेश्वरला. १८ मे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, नेमका सुट्टीत, जेव्हा मुलं मोकळी असतात. १९ ते २५ नोव्हेंबर वारसा सप्ताह. आणि २ मार्च. १९३० साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. २०३० मध्ये त्याला शंभर वर्षं होतील. ते प्रदर्शन आदल्या महिन्यात फ्लेक्सवर फोटो छापून उभं करायचं नसेल, तर घराघरांतली पत्रं, छायाचित्रं आणि सत्याग्रहींच्या कुटुंबांतल्या आठवणी आत्तापासून गोळा करायला हव्यात. त्या पिढीला पाहिलेली माणसंही आता थोडीच उरली आहेत.

प्रदर्शनं कशाची भरवावी, याबद्दलही माझं ठाम मत आहे. पांडवलेणीच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनातल्या, म्हणजे आपल्या नाशिकजवळच्या, विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसाय-संघाकडे, दोन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवले. व्याज महिना शेकडा एक. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर राहणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळायचे. मुलांना फळ्यावर मांडायला सांगितलं, तर महिन्याचे वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. हिशेब चोख जुळतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या विणकरांची पत इतकी होती की राजाचा जावई त्यांच्याकडे कायमची ठेव ठेवत होता. आणि आज याच जिल्ह्यात, येवल्यात, पैठणीचे माग चालतात. त्या लेखाचा ठसा, कार्षापण, एक चालता माग आणि त्यावर बसलेला येवल्याचा कारागीर एका दालनात आणले, तर मुलांना हलवून बाहेर काढावं लागेल!

तसंच रंगपंचमीच्या रहाडींचं. शनी चौक, तिवंधा चौक, जुनी तांबट आळी इथल्या या पेशवेकालीन हौदांवरची माती रंगपंचमीला बाजूला होते, पूजा होते, रंग कालवला जातो, पोरं वरून उड्या मारतात आणि नंतर रहाड पुन्हा बुजवली जाते. रंग कशाचा करायचा, मान कुणाचा, हे त्या त्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. त्यांना खुर्चीवर बसवून बोलतं करणारा एक रविवार हवा. तांबट आळीतल्या कारागिरांनी मुलांच्या हातात हातोडी देऊन पत्र्याला आकार द्यायला शिकवलं, तर त्याला उद्घाटकही लागणार नाही. सरकारवाड्याचा चौक अशा कामासाठी वर्षभर खुला व्हावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वास्तूला धक्का न लावता तिथे काय करता येईल, हे आपल्या पुरातत्त्व संचालनालयाहून चांगलं कोण सांगणार?

वेळेचंही पाहा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या आईवडिलांना दहा ते पाच या वेळात मुलांना घेऊन कुठेच जाता येत नाही. आठवड्यातून निदान एक दिवस संग्रहालयं रात्री आठपर्यंत उघडी ठेवा. मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमालेला संध्याकाळी माणसं येऊन बसतात. ऐकायला आणि पाहायला लोक येत नाहीत, असं निदान नाशिकबद्दल कुणी म्हणू नये.

सिंहस्थ तोंडावर आहे. २०२७ च्या पर्वण्यांसाठी रस्ते, घाट, पूल यांची कामं चालली आहेत, ती व्हायलाच हवीत. पण स्नान आटोपल्यावर लाखो माणसं या शहरात दोन-चार तास मोकळी असतील. त्यांच्या हाती मराठी-हिंदीत छापलेलं एक पान पडलं, कुठे काय पाहायला मिळेल, किती वाजेपर्यंत, कुठल्या बसने जायचं, तर ती माणसं नाशिक पाहून जातील. ही पत्रिका काढायची सवय मात्र सिंहस्थाच्या आधीच लागायला हवी. ऐन गर्दीत ते जमणार नाही.

म्हणून विनंती अशी. जिल्ह्यासाठी एक समन्वयक नेमा. वर उल्लेखलेल्या सगळ्या संस्थांना दर तिमाहीच्या आधी एका टेबलाशी बोलवा. तयार झालेली पत्रिका शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत प्रत्येक शाळेला, मनपा शाळा आणि पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळांनाही, पाठवा आणि बसस्थानकांवर लावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरत्या संग्रहालयाची बस आहे, ती आदिवासी तालुक्यांत यावी म्हणून आपल्या खात्याने शब्द टाकावा. आणि जोगलटेंभीच्या साठ्यातली काही नाणी, ज्या संग्रहांत असतील तिथून उसनी घेऊन, योग्य बंदोबस्तात, निदान महिनाभर नाशिकला दाखवावीत.

पहिली पत्रिका येत्या वारसा सप्ताहाची असावी. ती ऑगस्टअखेर शाळांच्या हाती आली, तर दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांची संमतिपत्रं गोळा करायची जबाबदारी आम्हा शिक्षकांची.

आपली विश्वासू,
नाशिकमधील एक इतिहास शिक्षिका