परराष्ट्रमंत्र्यांना दार-ए-सलामहून खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार यांस,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी मी माझ्या दुकानाचं शटर शेवटचं ओढलं. करियाकू बाजारात 12 वर्षं मोबाइल दुरुस्त केले. परवाना संपला आणि नूतनीकरणाचा अर्ज खिडकीवरूनच परत आला. टांझानियाच्या जुलै 2025च्या आदेशाने परदेशी माणसाला 15 धंदे बंद केले, त्यात मोबाइल दुरुस्तीही आली. मोडला तर 1 कोटी शिलिंगांचा दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद.

मी आलो तेव्हा किक्वेते राष्ट्राध्यक्ष होते, बाहेरच्यांना मुभा होती. 2015ला मागुफुली आले आणि वारं फिरलं. हा माणूस पदावर असताना आफ्रिकेबाहेर पडलाच नाही. एका सोनेखाण कंपनीवर 190 अब्ज डॉलरची करवसुली काढली, चिनी पैशाचं बागामोयो बंदर अडवून धरलं. आम्ही जीव मुठीत धरून धंदा केला. 2021ला ते वारले आणि सामिया सुलुहू हसन आल्या. त्यांनी नैरोबीला जाऊन केनियाशी बिनसलेलं सावरलं, ऑक्टोबर 2023मध्ये दिल्लीला आल्या. तिथे धोरणात्मक भागीदारी जाहीर झाली, तेव्हा आनंदाने मी शेजारच्या दुकानदारांना चहा पाजला. त्याच बाईंच्या सरकारने दोन वर्षांच्या आत माझं पोट मारलं!

त्यांच्यावर माझा राग नाही. करियाकूत चिनी दुकानदारांविरुद्ध ओरड होतीच, त्यात आम्ही भरडलो. इथल्या पोरांना काम हवं, हे मलाही दिसतं. राग तुमच्यावर आहे, साहेब. राष्ट्राध्यक्ष बदलला की इथलं धोरण बदलतं. आता तर न बदलताही बदललं. पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या काळात, 1971 साली इमारती सरकारजमा झाल्या, तेव्हाही इथल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांनी गाठोडी बांधली होती. एवढं माहीत असून करारात छोट्या दुकानदारासाठी एक कलम घालावंसं कुणालाच वाटलं नाही? जुलैच्या आदेशावर केनियाच्या मंत्र्यांनी लगेच जाहीर आक्षेप घेतला. आपला एक शब्द माझ्या कानावर आला नाही. मदत मागायला ज्या कार्यालयात गेलो, तिथे तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला 'मेल करा' म्हणाले. मेल केला. मोठ्या उद्योगपतीचं जहाज अडलं असतं तर असंच सांगितलं असतं का? आमच्या कष्टाचा पैसा गावी येतो तेव्हा आम्ही भारतीय, आणि अडलो की कुणाचेच नाही?

मुलगी आठवीत आहे. दुकानातली हत्यारं अर्ध्या किमतीत गेली. मिरजेला परतलो तर भाड्याचं घर शोधण्यापासून सुरुवात. रहिवासाची मुदत मार्चअखेर संपते. आमच्यासारख्यांना निदान धंदा आवरायला वेळ मिळावा, म्हणून आपण टांझानियाशी बोलणार आहात की नाही, ते त्याआधी कळवा.

आपला,
मिरजेचा एक मोबाइल दुरुस्तीवाला
दार-ए-सलाम