भंडारदऱ्याची रिंग रोड ट्रिप आणि हेडलाइट

संपादक साहेब, नमस्कार.

जूनच्या सुरुवातीला मुलांना घेऊन भंडारदऱ्याला गेलो होतो, घोटीवरून बारीमार्गे, डाव्या हाताला कळसूबाई (1646 मीटर, पोरं लगेच "चढूया ना" म्हणून मागे लागली, आजीनेच थांबवलं). शेंडीत चहा-भजी घेऊन जलाशयाला पूर्ण चक्कर मारली, मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर, तिथून कोकणकड्यावरून खाली बघितलं की पाय लटपटतात, मग साम्रद आणि रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ, त्याची पुष्करणी आणि मागे रतनगड, एवढ्यासाठी जरी गेलं तरी पैसे वसूल. गावातल्या मावशींनी चुलीवरची नाचणीची भाकरी आणि पिठलं दिलं, आमचा धाकटा जो घरी भाजी बघून तोंड वाकडं करतो त्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या!

पण संध्याकाळी काजवे बघायला थांबलो आणि डोक्याला ताप. काजवे चमकतात ते जोडीदाराला बोलवायला, अन् लोक गाड्यांचे हेडलाइट फुल करून झाडाखाली उभे, वर मोबाईलचे टॉर्च, एका गाडीत तर गाणी पण जोरात. हे अभयारण्य आहे हो. गाड्या गावातच लावायला सांगा, पुढे स्थानिक पोरांबरोबर चालत पाठवा, त्यांनाही चार पैसे मिळतील. आणि रस्त्यावर दोन-तीन बरी स्वच्छतागृहं तरी बांधा, बायकांचे फार हाल होतात.

– एक वाचक, नाशिक