रात्रपाळीच्या लॅबमधल्या ताईंना

ताई,

स. न. वि. वि.

पत्रात तुमचं नाव घालत नाही. रिपोर्टच्या खिडकीपाशी आपलं जेवढं बोलणं झालं, त्यावरून तुम्हाला ते आवडणार नाही असं वाटलं. वाचताना तुम्ही ओळखालच. आणि तुमच्यासारखी रात्रपाळी करणाऱ्या कुणालाही हे पत्र आपलं वाटलं तर वाटू दे, म्हणून ते सगळ्यांसमोर लिहितेय.

माझी आई कराडहून ॲम्ब्युलन्सनं पुण्याला आणलेली पेशंट. आयसीयूच्या कागदांवर 'एसएएच', म्हणजे मेंदूभोवतीचा रक्तस्राव. मेंदूच्या पुढच्या भागातल्या धमनीला, सायकलच्या ट्यूबला येतो तसा फुगा आला होता आणि तो फुटला. मांडीतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन डॉक्टरांनी त्यात प्लॅटिनमच्या कॉइल भरल्या आणि फुगा बंद केला. त्या डॉक्टरांचे आभार आम्ही मानले, त्यांच्या पाया पडलो, पेढे दिले. ते योग्यच होतं. पण आईचा जीव त्यानंतरही धोक्यात होता आणि त्या दिवसांत तिला सांभाळणाऱ्यांपैकी एक माणूस आम्हाला दिसतच नव्हतं, ते म्हणजे तुम्ही.

कॉइलिंग झालं, आता सुटलो, असं आम्ही घरी फोनवर सांगूनही टाकलं होतं. मग आयसीयूतल्या रेसिडेंट डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. मेंदूभोवती सांडलेल्या रक्तामुळे चांगल्या धमन्याही आकसतात. साधारण चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत ही भीती सगळ्यात जास्त. धमनी फार आकसली तर मेंदूच्या त्या भागाला रक्त पोचत नाही आणि फुगा बंद झालेला असूनही माणूस लुळा पडू शकतो. म्हणून निमोडिपिन हे औषध दर चार तासांनी, झोपेतून उठवून, 21 दिवस. ते तेव्हा म्हणाले, "आता आमचं अर्धं लक्ष पेशंटकडे आणि अर्धं रिपोर्टकडे."

आईच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, दाखल होताना 139 होतं. 135 ते 145 ठीक, हे मला तिथंच कळलं. एका संध्याकाळी ते 133 झालं. पहाटेच्या सँपलमध्ये 126 आलं.

पुढचं मला रेसिडेंट डॉक्टरांनीच सांगितलं. आकडा कॉम्प्युटरवर टाकून तुम्ही पुढच्या ट्यूबकडे वळला नाहीत. आधीच्या रिपोर्टशी ताडून पाहिलात, तेच सँपल मशीनवर पुन्हा लावलंत आणि आयसीयूत फोन करून विचारलंत, "सलाइन चालू असलेल्या हातातून तर रक्त घेतलं नाही ना?" सिस्टर म्हणाल्या, नाही, आर्टेरियल लाइनमधून, म्हणजे धमनीत बसवलेल्या नळीतून घेतलंय. मग तुम्ही आकडा सांगितलात आणि त्यांच्याकडून तो परत म्हणवून घेतलात. तुमच्यासाठी हा रोजचा नियम असेल. पण तो पहाटेच्या वेळी कुणी मन लावून पाळला, म्हणून डॉक्टर काही मिनिटांत आईच्या कॉटपाशी होते. आईला तोवर झापड आल्यासारखी झाली होती. रात्रभराच्या जागरणानं असेल, असं आम्हाला सहज वाटलं असतं.

ते सोडियम का घसरलं, हे समजल्यावर तुमच्या फोनची किंमत मला जास्त कळली. या आजारात कधी कधी मूत्रपिंडं शरीरातलं मीठ लघवीवाटे टाकत सुटतात आणि मिठाबरोबर पाणीही जातं. रक्ताचं आकारमान घटतं, आणि तेही नेमकं धमन्या आकसायच्या दिवसांत. सोडियम कमी होण्याच्या दुसऱ्या एका प्रकारात पाणी कमी देतात. इथं तसं केलं तर घात होतो. पाणी तोडलेल्या अशा पेशंटमध्ये मेंदूचा भाग मरण्याचं प्रमाण जास्त दिसतं, हे नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 1985 मध्येच दाखवलं होतं. आईची लघवी तासातासाला मोजली जात होती, म्हणून डॉक्टरांना लगेच उमगलं की मीठ आणि पाणी दोन्ही भरून काढायचंय. तीन टक्क्यांचं, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त मिठाचं सलाइन सुरू झालं, शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या आल्या.

त्यातही घाई चालत नाही. सोडियम फार झपाट्यानं वर नेलं तर मेंदूला वेगळीच, कायमची इजा होऊ शकते. म्हणजे आकडा वाढायला तर हवा, पण मापात. ते माप राखायचं कशाच्या जोरावर? तुमच्याकडून दर काही तासांनी येणाऱ्या आकड्याच्या. 126, 128, 129. वरच्या मजल्यावर सलाइनचा पंप कमी-जास्त होत होता तो तुमच्या एकेका रिपोर्टवर. एक ट्यूब हेमोलाइज झाली, म्हणजे तिच्यातल्या रक्तपेशी फुटून सँपल बिघडलं, तेव्हा तुम्ही ती परत पाठवलीत. आईचं रक्त पुन्हा काढावं लागणार म्हणून मला त्या क्षणी वाईट वाटलं. पण चुकीच्या आकड्यावर औषध चालण्यापेक्षा ते परवडलं.

त्या दिवसांत रिपोर्ट वाचायची मला सवयच लागली. हृदयावर ताण आलाय का, हे सांगणारं ट्रोपोनिन. मेंदूतल्या रक्तस्रावानं हृदयही काही काळ दुबळं पडू शकतं, हे मला माहीतच नव्हतं. शरीरातली सूज किंवा जंतुसंसर्ग दाखवणारं सीआरपी, पांढऱ्या पेशी, साखर, हिमोग्लोबिन. मेंदूच्या पेशींना इजा झाल्यावर रक्तात उतरणारी जीएफएपी, एस100बी, न्यूरोफिलामेंट अशी प्रथिनं मोजून पेशंट कितपत सावरेल याचा अंदाज बांधता येईल का, यावर जगभर संशोधन चाललंय. ते रोजच्या वापरात यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण "आई बरी होईल ना?" या प्रश्नाला त्या आठवड्यांत कुणाकडेच आकड्यातलं उत्तर नव्हतं. पण आईला ज्यानं तारलं, ते सोडियम तालुक्याच्या लॅबमध्येही होणारं आहे. स्वस्त, साधी तपासणी. ती वेळेवर व्हावी आणि तिचा निकाल कुणीतरी फोन उचलून सांगावा, एवढंच लागतं.

म्हणून हे वाचणाऱ्या नातेवाइकांनाही सांगते. तुमचं माणूस या आजारानं आयसीयूत असेल तर डॉक्टरांना रोज विचारा, "आज सोडियम किती आहे, काल किती होतं?" त्यात उद्धटपणा काही नाही. आम्हाला प्रत्येक वेळी नीट उत्तर मिळालं.

आई आता घरी आहे. चालते, स्वतःचं स्वतः जेवते, नातवाशी भांडते. दुपारनंतर फार थकते. आठवणीत अजून खळगे आहेत: सकाळी कोण येऊन गेलं ते संध्याकाळी तिला सांगता येत नाही, पण 1978 सालच्या तिच्या लग्नाची पंगत ती पदार्थवार सांगते. डॉक्टर म्हणतात, सुधारणा वर्षभर आणि पुढंही होत राहते. आम्ही रोज तिच्याकडून कालच्या दिवसाची उजळणी करून घेतो, ती चिडते, तरी करते.

पुढच्या महिन्यात तपासणीसाठी पुण्याला येतोय. तुमची रात्रपाळी असेल तर सकाळी ड्यूटी सुटायच्या आत लॅबच्या खिडकीपाशी आईला घेऊन येईन. 'मला सोडियमवाल्या बाईंना बघायचंय' असं तिनं स्वतःहून म्हटलंय, आणि हे ती दुसऱ्या दिवशीही विसरली नाही. दिवसपाळी असेल तर तसा निरोप रिसेप्शनवर ठेवा, आम्ही थांबू.

तुमची,
कराडच्या पेशंटची मुलगी