पावसाच्या तोंडावर होणारी छाटणी

महोदय,

साताऱ्यात झाडांची छाटणी आणि जळणाची लहानशी वखार असा जोडव्यवसाय मी करतो. वळवाचा पहिला तडाखा बसला की गुलमोहर, रेन ट्री यांच्या धोकादायक फांद्या आठवतात आणि मिळेल त्या माणसाकडून घाईने काम उरकले जाते. जड फांदी वरून एकदम कापली, तर ती आपल्या वजनाने खोडाची साल ओरबाडत खाली येते; म्हणून आधी खालून अर्धवट काप घ्यावा, मग थोडे पुढे वरून कापून वजन उतरवावे आणि उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर वळकटीला धक्का न लावता काढावा, म्हणजे जखम लवकर भरते. शेंडा छाटून झाड बोडके करणे ही तर निव्वळ नासाडी आहे. त्यातून फुटणारे धुमारे कमकुवत असतात आणि पुढच्या वादळात तेच आधी मोडतात.

हेच काम माघ-फाल्गुनात झाले, तर लाकूड उन्हाळाभर वाळते. जळण वजनावर विकले जात असल्याने ओल्या लाकडात विकणाऱ्याचाच फायदा असतो (हे आमच्या धंद्यातले कोणी उघड बोलत नाही) आणि ग्राहकाच्या वाट्याला धूर येतो.

नागरी हद्दीत झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. नगरपालिकेने असे अर्ज आणि छाटणीच्या मागण्या हिवाळ्यातच मागवून निकाली काढाव्यात, ही विनंती.

– एक वखारदार, सातारा