फूटपट्टी

मिनू,

काल तू निघालीस तेव्हा मी गॅलरीत आले नाही ते रागाने नाही गं, खरंच नाही, रडू येत होतं आणि तिथे आधीच तुझे बाबा उभे होते. गाडीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय. खोली कशी आहे, झोप लागली का, मावशीला फोन केलास का, एवढंच विचारायचं होतं.

पण तुझं ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. "आई, माझे रिफ्लेक्सेस फास्ट आहेत, तूच मोजलेयस." परवा त्या ट्रकच्या मागे तू गाडी चिकटवलीस आणि माझा पाय आपोआप दाबला गेला, माझ्या बाजूला ब्रेक नसताना. तू ते पाहिलंस आणि मग सुरूच झालं आपलं.

मोजलेत, हो. सहावीत होतीस. मी फूटपट्टी वर धरायची, तू खाली बोटं उघडी ठेवायची, सोडली की पकडायची. तू १५ सेंटीमीटरवर पकडायचीस, बाबा २५ वर. १५ सेंटीमीटर पडायला साधारण ०.१७ सेकंद लागतात, आणि मी ते जो भेटेल त्याला सांगत सुटले होते. ते सर्टिफिकेट मी परत घेतेय. कारण तेव्हा तू माझ्या बोटांकडे टक लावून बसलेली असायचीस, पट्टी पडणार हे पक्कं माहीत, काम एकच, बोटं मिटायची. रस्त्यावर काय येणार, कधी येणार, कुठून येणार काहीच माहीत नसतं. आधी ते दिसायला हवं, मग कळायला हवं, मग ठरवायचं, मग पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर न्यायचा. चांगल्या जाग्या माणसाचासुद्धा यात एक-दीड सेकंद जातो. ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे दीड सेकंदात ३३, आणि इथवर ब्रेक लागलेलाच नाही. त्यापुढे कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला अजून ३५-३६ मीटर, ओला असेल तर साठाच्याही पुढे.

तुझा मुद्दा बरोबर होता, त्या दिवशी मी हट्टाने मान्य केला नाही. पुढचाही ब्रेक लावूनच थांबणार, तो काय जागच्या जागी भिंत होणारे का. मान्य. म्हणून तुला ७० मीटर नकोत. पण त्याचे लाल दिवे लागल्यापासून तुझा पाय ब्रेकवर पडेपर्यंत तुझी गाडी जेवढी जाते तेवढं तरी अंतर हवं ना? तू १० मीटरवर होतीस. ८० ला १० मीटर म्हणजे अर्धा सेकंदसुद्धा नाही गं. आणि तो स्वतःच कशाला धडकला तर होतोच की भिंत.

झालं, लेक्चर झालं. सॉरी. तू छान चालवतेस, रिव्हर्स तर माझ्यापेक्षा कितीतरी सरळ घेतेस, हे मी बाबांना दहादा सांगितलंय, तुला मात्र कधी नाही.

एक गोष्ट बाबांनाही सांगितलेली नाही. तू चार वर्षांची, मागच्या सीटवर झोपलेली, पाऊस, मी ६० वर आणि पुढच्या गाडीच्या अगदी मागे, कारण उशीर झाला होता. त्याचे दिवे लागले, मी होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला, चाकं लॉक झाली. चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नव्हतं त्या गाडीला. चाक फिरायचं थांबून नुसतं घासायला लागलं की रस्त्यावरची पकड कमी होते आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते, हे मी तेव्हा वर्गात शिकवत होते! थांबले तेव्हा बॉनेटच्या पुढे त्याची नंबर प्लेट दिसत नव्हती इतकी जवळ. तू उठून विचारलंस, "पोचलो?" मी हो म्हटलं.

तेव्हापासून मोजते मी. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की सावकाश दोन आकडे, पावसात चार, ते संपायच्या आत आपण खांबाशी पोचलो तर मागे सरकायचं. मधल्या जागेत कोणी घुसेल, घुसू दे, परत मोज. तुला हसू येईल. येऊ दे, पण मोज. आणि हो, टायरची नक्षी झिजलीये का बघून घे, मागच्या डाव्या टायरची मला शंका आहे.

परत तेच झालं का? थांबते.

आई

ता.क. ती फूटपट्टी सापडली कपाटात. काल रात्री बाबांना धरायला लावली, मला पहिल्या दोन वेळा पकडताच आली नाही. १५ वर तुझी लाल पेनाची रेघ अजून आहे.