फोटोच्या मागची बाजू

राजेंद्रनगर, इंदूर
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

सोबतच्या पाकिटात बावीस फोटो आहेत. गेले तीन आठवडे जुन्या निगेटिव्ह काढून स्कॅन करतोय. काहींना बुरशी लागली होती, पण आपल्या इंदूर-खंडवा मार्गावरच्या मीटर गेजच्या, म्हणजे एक मीटर रुंद रुळांवरच्या गाड्यांच्या, बहुतेक वाचल्या. या बावीसांच्या मागे मात्र एक अक्षर नाही. कॅमेरा माझ्याकडे असायचा आणि वही तुझ्याकडे, म्हणून हे काम तुझंच आहे. ती वही अजून असेल तर शोध. नसेल तर आठवेल तेवढं लिही.

सात नंबरचा फोटो आधी बघ. कालाकुंडचा फलाट, पुढे वायडीएम-४ डिझेल इंजिन आणि वर काळ्या धुराचा लोट. घाट चढायला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, जोडायचे आणि आपण पुढच्या इंजिनापाशी थांबायचो. गाडी हलेपर्यंत मी दोन-तीन फ्रेम वाया घालवायचो. तूच एकदा म्हणालास, डोळ्यांनी नको, कानांनी बघ. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराचा टप्पा, वाढवला की आधी इंजिनाचा आवाज जड होतो आणि मग धूर उसळतो, बटण त्या मधल्या क्षणी दाबायचं. छत्तीसच्या रोलमध्ये असे चार फोटो साधले तरी मी आठवडाभर खूश असायचो. आज मोबाईलवर मिनिटात पन्नास फोटो निघतात, तरी मी अजून तसाच कान देऊन उभा राहतो.

फोटो कधीचा हे डब्यांच्या रंगावरून थोडं कळतं. गेरूसारखे लाल असतील तर आधीचा काळ, निळे असतील तर नंतरचा. सिग्नलचा हात दिसला तर आणखी मदत होते. पण त्यातून फार तर दशक हाती लागतं. तो दिवस, ती गाडी, आपण तिथे का गेलो होतो, हे रंगावरून कसं कळणार?

आणि नावंही बदलली ना. महूच्या पाटीवर आता डॉ. आंबेडकर नगर आहे, पातालपानीला आदिवासी क्रांतिकारक टंट्या मामांचं नाव मिळालं. दोन्ही नावांचा मला आनंदच आहे. पण माझ्या फोटोत जुनी पाटी आहे, आणि उद्या कुणी पोरगा विचारील की हे स्टेशन कुठलं, तर उत्तर फोटोच्या मागेच लिहिलेलं हवं. पिवळ्या पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची असते, ती फ्रेममध्ये घ्यायचा तुझा हट्ट मला तेव्हा कळला नव्हता. आता पातालपानी आणि कालाकुंडच्या पाट्या शेजारी ठेवल्या की दहा किलोमीटरच्या आत गाडी किती उतरते ते एका नजरेत दिसतं. चाळीसाला एक, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ होता तो!

या मार्गासाठी इंदूरच्या महाराजांनी, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी, इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. होळकर स्टेट रेल्वे म्हणून तो सुरू झाला. आपल्या शहराच्या पैशातून उभा राहिलेला रस्ता, मग त्याची नोंद आपणच नीट ठेवायला नको का? मीनाक्षी एक्स्प्रेसने तू दर मे महिन्यात अकोल्याला मावशीकडे जायचास. बावीसांत त्या गाडीचा एकच फोटो आहे, अकरा नंबर, थोडा हललेला. खिडकीतला हात तुझा की तुझ्या दादाचा, ते जरूर लिही.

आता इंदूर ते महू रुंद रुळांची ब्रॉड गेज आहे, वर विजेच्या तारा. राजेंद्रनगरच्या फलाटावर सकाळी जातो तेव्हा खांब मध्ये येतात. दोन खांबांच्या मधोमध इंजिनाचं तोंड आलं की फोटो, नाहीतर नाही. ऊन पाठीशी आणि फलाटाच्या कडेपासून चांगला मागे, हे आपले नियम तसेच आहेत. सुसाट जाणाऱ्या गाडीपेक्षा थांबणारी पॅसेंजरच मला आवडते. तिच्यासाठी लोक डबे, पिशव्या, पोरं घेऊन उभे असतात, आणि गाडी येताना त्या सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळतात.

पातालपानी ते कालाकुंड तेवढा तुकडा हेरिटेज गाडीसाठी राखलाय. पावसाळ्यात ये. धबधबा भरलेला असेल, पळसाच्या पानातला कलाकंद खाऊ, आणि या वेळी कॅमेरा तुझ्या हातात देईन.

लिहिताना मऊ पेन्सिल वापर, हलक्या हाताने. शाई पुढच्या बाजूला उमटते. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश

ता. क. सोळा नंबरमध्ये बोगद्याच्या तोंडाशी कंदील घेऊन एक गँगमन उभा आहे. त्याने आपल्याला चहा पाजला होता. त्याचं नाव तू वहीत लिहिलं होतंस, ते मला नक्की आठवतं. आधी ते शोध.